टाचेखालचं भोक

मला काहीही सांगा, फक्त थांबायला सांगू नका. आजवर एकदाच थांबलो, पहिल्या इलेक्शनच्या वेळी, वैनगंगेत. मास्तर म्हणून माझी ड्युटी पलीकडच्या गावात लागली होती. वाळूवर ओढलेल्या नावेत मतपेट्या ठेवून तास झाला, तरी नावाडी सोमाभाऊ काठावर बिडी ओढत बसलेला.

"काऊन थांबून राह्यला?"

"घरची बाजारात गेली, मास्तर. तिले येऊ द्या."

"तुह्या बायकोसाठी इलेक्शन थांबवू का? आता एक शब्द बोलू नको, चाल!"

तो खरंच बोलला नाही. मी घड्याळात डोळे घालून बसलो. अर्ध्या नदीत पाय गार लागले. पाहतो तर पेट्यांच्या फळीखाली पाणी! साचलेलं पाणी काठावर सोडायला नावेच्या बुडाला भोक असतं ना, त्यातूनच नदी आत येत होती.

"अरे, याचं बूच कुठी हाये?"

"वाहून गेलं चार दिवसांआंधी. फडकं कोंबलं तं टिकत नाई."

"मंग रोज नाव कशी आणतं?"

"घरची टाच लावून बसते नं!"

मी चप्पल फेकली आणि टाच भोकावर दाबली. सोमाभाऊनं डब्यानं पाणी उपसलं. पलीकडे पोलीस पाटलानं कोरड्या पेट्या उतरवून घेतल्या. मी उठणार, तोच सोमाभाऊनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उठू नका, मास्तर. घरची तिकडं उभी असन. तिले घेऊन येऊ."