उजव्या काचेवरचं टिंब

ताई : नुसत्या हिरव्या रेघा दिसतायत. छोट्या, मी वकील आहे, मला यातलं काय कळतंय?

चष्मेवाला : रेघा सोड. हे यंत्र काचेचा नंबर मोजतं, खालचा आकडा वाच. ही उजवी काच.

ताई : वजा दोन. पुढे कसला तरी कोन दिलाय.

चष्मेवाला : आता डावी लावतो. वाच.

ताई : वजा एक. बरं, मग?

चष्मेवाला : मग आता हा कागद बघ. त्यांच्या डोळ्यांचा नंबर. अक्षर माझंच आहे.

ताई : उजवा डोळा वजा एक. डावा वजा दोन. अरे, उलटं झालंय की हे!

चष्मेवाला : हं.

ताई : कुणाचा चष्मा?

चष्मेवाला : शिलाईवाल्या काकूंचा. कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात त्या.

ताई : म्हणजे जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं, त्या? तुझी बायको सांगत होती मागे.

चष्मेवाला : त्याच. चार महिने झाले. परवा त्यांची सून आली. म्हणाली, पडल्या तेव्हा काडी मोडली, इतके दिवस दोऱ्यानं बांधली होती, तेवढी बसवून द्या. काचा पुसल्या आणि सहज यंत्रावर टाकून बघितल्या.

ताई : आणि शटर अर्धं ओढून, मला कोर्टातून बोलावून घेऊन, दोन दिवसांनी दाखवतोयस. जेवलास का?

चष्मेवाला : नाही.

ताई : तोंड बघ कसं झालंय. बस आधी. आणि हे झालं कसं ते सांग. तू तर पहिल्यापासून काटेकोर. शाळेत पेन्सिलींनासुद्धा नंबर घालायचास.

चष्मेवाला : नवी काच गोल असते, ताई. कापायच्या आधी दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पाकिटातून काढली की उजवीवर शाईनं टिंब द्यायचं. तीस वर्षं देतोय. त्या दिवशी पेन वाळलं होतं. म्हटलं, उजवी उजवीकडे ठेवलीय, लक्षात राहील. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला फ्रेम दाखवायला जागा हवी म्हणून मी ट्रे फिरवला.

ताई : आणि परत फिरवला नाहीस.

चष्मेवाला : फिरवला असेल, नसेल. आठवतच नाही गं. तेच तर.

ताई : कुणाला बोललास?

चष्मेवाला : तुलाच. ताई, वकील म्हणून सांग. मी अडकतो का यात?

ताई : वकील म्हणून? बरं. आधी त्यांना दाखवावं लागेल की चूक झाली. ती कुणाला माहीत आहे? तुला, मला आणि या यंत्राला. वर हेही दाखवावं लागेल की त्या पडल्या त्या चुकीमुळेच. जिन्यात दिवा आहे?

चष्मेवाला : एक आहे. कधी लागतो, कधी नाही.

ताई : वा. हातात काही होतं त्यांच्या?

चष्मेवाला : शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. द्यायला निघाल्या होत्या.

ताई : वय?

चष्मेवाला : एकाहत्तर.

ताई : काळोख, गाठोडं, एकाहत्तर. मला दहा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. काचा अदलाबदल कर, नवी काडी बसव आणि चष्मा देऊन टाक. सुटलास.

चष्मेवाला : हं.

ताई : अरे, सुटलास म्हणतेय मी. मग असा गाडी चुकल्यासारखा काय बसलायस?

चष्मेवाला : सगळं सांगितलं नाही मी तुला.

ताई : अशिलं कधीच सांगत नाहीत. बोल.

चष्मेवाला : पडायच्या आधी त्या आल्या होत्या इथे. चष्मा नेल्यावर तिसऱ्या दिवशी. म्हणाल्या, डॉक्टर, पायऱ्या वर आल्यासारख्या दिसतात.

ताई : डॉक्टर?

चष्मेवाला : मला डॉक्टर म्हणतात त्या. कितीदा सांगितलं, काकू, मी डॉक्टर नाही. ऐकतच नाहीत.

ताई : मग तू चष्मा यंत्रावर टाकून बघितलास?

चष्मेवाला : नाही.

ताई : मिनिटाचं काम आहे ना ते?

चष्मेवाला : अर्ध्या मिनिटाचं.

ताई : मग काय केलंस?

चष्मेवाला : सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. नवा नंबर आहे, आठ दिवसांत सवय होईल.

ताई : ठीक आहे, तेही निभावून नेता येईल. सगळेच चष्मेवाले असं…

चष्मेवाला : पुढे ऐक ना! त्या म्हणाल्या, मग जिन्यावर तेवढा काढून ठेवू का? मी म्हटलं, अजिबात नाही. जिन्यावर तर नाहीच नाही. सारखा काढलात तर डोळ्यांना सवय कशी लागणार? आणि सहाव्या दिवशी पडल्या. चष्मा डोळ्यांवर होता, ताई. मी सांगितलं होतं म्हणून होता.

ताई : अरे देवा. छोट्या…

चष्मेवाला : आता सांग. सुटलो?

ताई : आमच्या कायद्यात एक माणूस असतो. सर्वसाधारण शहाणा माणूस म्हणतात त्याला. ज्याच्या हातून चूक झाली त्याला त्याच्या शेजारी उभं करायचं आणि विचारायचं, हा तिथे असता तर यानं काय केलं असतं? तो कधी घाईत नसतो, कधी कंटाळत नाही. असला नवरा मिळाला असता तर मला वेड लागलं असतं. पण खरं सांगू? तुझ्या जागी त्यानंसुद्धा काही पराक्रम केला नसता रे. चष्मा फक्त यंत्रावर टाकला असता.

चष्मेवाला : अजून आहे.

ताई : अजून?

चष्मेवाला : हात गळ्यात बांधून त्या दुकानासमोरून चालल्या होत्या. दुकानात चार माणसं. मी दारात जाऊन मोठ्यानं म्हटलं, काकू, आता वय झालं, जरा बघून चालत जा! सगळे हसले. मीही हसलो. आणि त्या मान खाली घालून म्हणाल्या, हो हो, माझंच लक्ष नव्हतं. ताई, मला माझीच शिसारी येते. दुकानात चारी बाजूंना आरसे असून परवापासून आरशात बघितलेलं नाही मी.

ताई : पाणी पी.

चष्मेवाला : नको.

ताई : तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मी अशा कितीतरी काकूंना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. हळूहळू, गोड बोलत, 'माझंच लक्ष नव्हतं' हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलंय. त्यांनी ते म्हटलं की मला आतून बरं वाटायचं. केस जिंकली ना! त्या घरी जाऊन पुढे किती वर्षं तेच म्हणत राहिल्या असतील, हा विचार कधी शिवला नाही मला. आज तुझ्यामुळे शिवतोय. भलत्या वेळी बोलावलंस.

चष्मेवाला : मी एक ठरवलंय. वर्षभर सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे फुकट तपासायचे. चष्मेसुद्धा फुकट. बाहेर पाटीच लावतो.

ताई : लाव. चांगली गोष्ट आहे. आणि काकूंचं काय?

चष्मेवाला : त्यांनाही देईन की त्यात.

ताई : छान! अपराध एका बाईचा केलास आणि पुण्य सगळ्या गावाला वाटतोयस. तू सगळ्या गावाच्या डोळ्यांवर चुकीचा चष्मा बसवलास का? हे तुमच्या दोघांतलं आहे, छोट्या. तिसऱ्या कुणाला कितीही दिलंस तरी हे तिथल्या तिथेच राहणार.

चष्मेवाला : हात काय मी भरून देऊ शकणार आहे? डॉक्टर म्हणाले, बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत.

ताई : हाताचं आपण नंतर बोलू, ते तुला नीट निस्तरावं लागेल. पण नुकसान फक्त हाताचं नाहीये. दोष कुणाकडे पडलाय आत्ता?

चष्मेवाला : त्यांच्याकडे.

ताई : आणि आहे कुणाचा?

चष्मेवाला : माझा.

ताई : मग तो तरी जाऊन उचलून आण. त्याला बोटं लागत नाहीत.

चष्मेवाला : रविवारी मुलगा त्यांना घेऊन चाललाय. सून सांगत होती. घर सोडायचं, शिलाईचं मशीन कुणाला तरी देऊन टाकायचं. म्हणते, आईंना आता अंदाज येत नाही, एकटं ठेवण्यात अर्थ नाही.

ताई : आणि हे तू मला आत्ता सांगतोयस! आज वार कोणता?

चष्मेवाला : शनिवार. ताई, वकील म्हणून सांग, मी काय करू?

ताई : वकील म्हणून सांगते, तोंड उघडू नकोस. उघडलंस की तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तूच.

चष्मेवाला : आणि ताई म्हणून?

ताई : ताई म्हणून तुझ्याबरोबर जिन्यापर्यंत येते. वर तू एकटा जायचंस.

(काकूंची खोली. सामान बांधलेलं. शिलाईचं मशीन जुन्या चादरीत गुंडाळून दोरीनं आवळून ठेवलंय.)

काकू : अगंबाई, डॉक्टर! तुम्ही स्वतः आलात चष्मा घेऊन? सून आली असती की. बसा. त्या खुर्चीवर नको हं, तिचे पाय काढलेत. पेटीवर बसा.

चष्मेवाला : उभाच बरा आहे, काकू.

काकू : पाणी देते. डाव्या हातानं देते, हसू नका. आता सगळं डाव्यानंच. परवा सहीसुद्धा डाव्यानं केली, बँकेतला पोरगा म्हणतो, आजी, ही कुणाची सही?

चष्मेवाला : पाणी नको. काकू, मला जरा बोलायचंय.

काकू : बोला की. तिकडे लिफ्ट आहे म्हणे. बरंच झालं. मला आता जिना नकोच वाटतो. पाय उचलला की छातीत धस्स होतं. मीच म्हटलं मुलाला, ने बाबा मला, माझा काही भरवसा नाही.

चष्मेवाला : तुमचं लक्ष नव्हतं म्हणून तुम्ही पडला नाहीत.

काकू : असू दे हो. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नका. वय झालं, त्यात लाजायचं काय?

चष्मेवाला : चष्मा चुकीचा होता.

काकू : काय?

चष्मेवाला : मी काचा उलट्या बसवल्या होत्या. उजव्या डोळ्याची डावीकडे, डाव्याची उजवीकडे. मला परवा कळलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी बघितलंच नाही.

काकू : थांबा. परत सांगा. सावकाश सांगा.

चष्मेवाला : काचा उलट्या होत्या. चूक माझी. तुम्ही सांगायला आलात तर मी ऐकलं नाही. वर जिन्यावरसुद्धा काढू नका म्हणालो.

काकू : म्हणजे पायऱ्या वर आलेल्या दिसत होत्या, त्या खरंच तशा दिसत होत्या?

चष्मेवाला : हो. त्या चष्म्यातून तुमच्या जागी कुणालाही तशाच दिसल्या असत्या.

काकू : माझं डोकं फिरलं नव्हतं.

चष्मेवाला : नाही, काकू. तुम्ही बरोबर बघत होतात.

काकू : चार महिने मी या खोलीत भिंतीला धरून चालतेय. शेजारीणबाई म्हणाली, या वयात असं होतंच. सून म्हणाली, मुलगा म्हणाला. आणि मी? मीही तेच म्हणत राहिले. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला माझा, डॉक्टर. काढू नका म्हणालात, म्हणून मी तोंड धुतानासुद्धा काढायला घाबरत होते.

चष्मेवाला : काकू, मला माफ…

काकू : थांबा! माफी अशी खिशातून काढल्यासारखी लगेच काढू नका. मला रागावू तरी द्या आधी.

चष्मेवाला : रागवा. खरंच रागवा.

काकू : चार माणसांत म्हणालात, वय झालं. आठवतंय?

चष्मेवाला : आठवतंय.

काकू : हाताचं दुखणं कमी होतं अधूनमधून. ते होत नाही.

चष्मेवाला : काकू, तुम्ही माझ्यावर केस करा. मी सगळं लिहून आणलंय, खाली सही केलीय. हा कागद ठेवा. माझी बहीण वकील आहे, ती तुम्हाला दुसरा चांगला वकील सांगेल. खाली उभी आहे ती.

काकू : बहीण खाली आणि तुम्ही एकटेच वर?

चष्मेवाला : ती म्हणाली, एकट्यानं जायचं.

काकू : शहाणी आहे. केसचं, हाताचं, ते मी बघेन नंतर. सोडणार नाही हं तुम्हाला. पण आज मला दुसरं हवंय. आत्ता जे बोललात ते माझ्या मुलासमोर बोलाल?

चष्मेवाला : बोलेन.

काकू : सुनेसमोर?

चष्मेवाला : हो.

काकू : आणि दुकानाच्या दारात? जिथे ते म्हणालात तिथे, तसंच मोठ्यानं?

चष्मेवाला : … हो. तिथेही.

काकू : मग थांबा. मुलगा टेम्पो ठरवायला गेलाय, अर्ध्या तासात येईल. मी काही जात नाही उद्या. आणि माफ केलं का, ते विचारू नका. मला अजून माहीत नाही.

चष्मेवाला : नाही विचारत.

काकू : आणि नुसते उभे राहू नका असे. त्या मशीनची दोरी सोडा. माझ्या हातानं गाठ सुटत नाही.