काचेतल्या रिकाम्या घागरी

“महारुद्रा, तुझ्या सायबानं आमाला कचेरीच्या दारात उन्हात बसवलं, अन् आता फोटोतूनबी उठवायलाय व्हय?”

वालूरच्या स्टुडिओत सगुणाबाईनं शिपायाला सगळ्यांदेखत हटकलं, तसा काँप्युटरवरच्या नीलमचा हात थांबला.

“मावशी, सत्काराचा फोटो काचेच्या दाराबाहेरून काढलाय. काचेवरची चमक तेवढी पुसायचीय,” महारुद्र म्हणाला.

“चमक? आरं, ती मी हाय! अन् ही माझी रिकामी घागर. सायबाच्या हारापेक्षा लय ठळक आलीय.”

“उद्या पेपरात द्यायचाय. गावाला पाणी दिलं म्हणून सत्कार हाय त्यो.”

“मंग घागर दिसू दे की!”

“नीलमताई, तुमी पुसा.”

“पुसते की. आधी सायबाला फोन लावा अन् विचारा, मावशीची घागर कधी भरणार?”