नुसतं 'सोड' म्हटलं तर काय सोडायचं?

हसू नका. मी रॅकेट काठीसारखी आवळून धरते, म्हणून बॅडमिंटनचे सर आठवडाभर ओरडत होते, "मूठ सोड गं, सैल सोड!"

आज जळगावला खेळायला कोणती जोडी जाणार ते ठरणार होतं. शेवटचा गुण होता. फूल माझ्या डोक्यावरून रेषेबाहेर चाललं होतं. मागून माझी जोडीदार वैशाली किंचाळली, "सोड!"

मी सोडली. उगारलेली रॅकेट जाळीवरून थेट समोरच्या पूनमच्या पायाशी आदळली.

"माय वं!" पूनम मटकन खालीच बसली.

"अगं, फूल सोड म्हटलं मी, फूल!" वैशाली रडकुंडीला आली.

फूल खरंच बाहेर पडलं होतं. मी आशेने सरांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "रॅकेट पलीकडे गेली, गुणही पलीकडे."