ताईची कात्री

मला एक सांगा, जी कात्री स्वतःलाच कापते, तिचा उपयोग काय? ...नाही, सांगाच! ताईला विचारलं, ती हसली. तिच्या साहेबांना विचारलं, ते चष्मा पुसत बसले. अहो, सख्खी बहीण जन्मभर त्या कात्रीच्या मागे, आणि मी, सातवीत शाळेला रामराम ठोकून फ्रीज दुरुस्त करणारा, मला कोणी सांगायला नको?

तुम्हाला सांगतो, आपल्या पेशीत आरएनए म्हणून एक धागा असतो. बरेच धागे निरोप पोचवतात, कापाकापी प्रथिनं करतात. पण एखादा धागा स्वतःच कात्री होतो आणि स्वतःलाच कापतो! ताईला तसा नवाच सापडला. साहेब नाकातून म्हणाले, "बाई, नळीत प्रथिन राहिलं असेल, त्यानेच कापलं. पुन्हा करा." हिने पुन्हा केलं. "पुन्हा करा." पुन्हा! प्राध्यापक होईपर्यंत हिचे केस पिकले, पण हिचं आपलं पुन्हा!

आणि मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं रे टाकलं की, "हात लावू नकोस!" का? तर म्हणे माणसाच्या बोटांच्या घामात आरएनए खाणारं काहीतरी असतं. साबणाने धुतले, तरी "हात लावू नकोस!" अगं, मी भाऊ आहे की वाळवी?

मागच्या महिन्यात ताई गेली. सकाळी चहा टाकला, आणि तो उकळायच्या आत... जाऊ दे.

परवा तिच्या विद्यार्थिनीचा फोन, रडत, "दादा, मॅडमचा फ्रीज ओरडतोय, बर्फ वितळला तर सगळा धागा गेला, दुसरा नाही!" पोचलो तर साहेब सांगतायत, "जुना झालाय, भंगारात काढा," आणि दोन माणसं फ्रीजला हात घालतायत. मी असा ओरडलो, असा ओरडलो, "हात लावू नका!" ...साहेबांचा चष्मा घसरला हो!

पोरीने नळ्या कोरड्या बर्फाच्या पेटीत हलवल्या. मी खाली आडवा. जाळीत ही एवढी धूळ, पंखा जाम! साफ केलं, लावलं, बंद पडला. साहेब म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं." म्हटलं, पुन्हा! पुन्हा उघडला. पंखा बदलला. संध्याकाळपर्यंत तिथनं हललो नाही. साहेब घरी गेले, मी नाही. शेवटी काटा खाली, खाली, अगदी तळाला!

पोरीने नळ्या आत ठेवल्या. प्रत्येकीवर ताईचं ते मुंगीच्या पायांसारखं अक्षर. ती म्हणाली, "आता मी करते पुन्हा. तुम्ही दार लावा, दादा."

हातमोजे होते हो माझ्या हातात, नवेकोरे! तरी दार कोपरानेच लावलं. उगाच वर गेल्यावर पुन्हा बोलणी कोण खाणार?