बिनधुराच्या चुलीबद्दल गोदाबाई काय म्हणाल्या

सन्माननीय अध्यक्ष यादवरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे साहेब दत्तात्रयपंत, आणि बुधवाऱ्याच्या या शाळेत दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला बजावलंय, "मधुकर, चांगलंच बोलायचं." बोलतो. दुसरं हातात आहे तरी काय?

राज्यांची नवी वाटणी झाली. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात, आपलं बुऱ्हाणपूर भोपाळकडे. साहेब नागपूरला चालले. आम्ही चौकशी कारकून इथेच.

सरकारने गावोगाव बिनधुराच्या चुली घालून दिल्या. त्या बायकांच्या सोयीच्या आहेत का, हे विचारणं आमचं काम. साहेबांनी त्याला शिस्त लावली. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. डावीकडे बाईचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे डोळ्यांना दिसलं ते. आपली अक्कल सगळ्यात खाली, वेगळी! संध्याकाळी ओळी कातरून चिठ्ठ्या करायच्या आणि सारख्या चिठ्ठ्या भिंतीवर शेजारी शेजारी डकवायच्या. त्या खळीपायी माझ्या जोडीला लिहिणाऱ्या मालतीबाईंच्या घरचं पीठ संपलं. त्यांच्या सासूबाईंची इथे जाहीर माफी मागतो.

गोदाबाई आठवतात, साहेब? "चूल लई चांगली शे," म्हणाल्या. घरी येऊन कुणी काही दिलं तर त्याला नावं ठेवायची आपल्याकडे रीत आहे का? पण मालतीबाईंनी उजवीकडे लिहिलं: चुलीला हळदकुंकू, धुराड्यात काजळी नाही, भाकरी परसातल्या जुन्या चुलीवर. अशा चिठ्ठ्यांनी भिंत भरली, तेव्हा उमगलं. इथलं सरपण म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं. ती लांबच लांब घालून हळूहळू आत सारायची असते. नव्या चुलीचं तोंड एवढंसं. मोडून घातली तर भुर्रकन जळते. बाईने भाकरी थापावी की काड्या घालत बसावं? "तोंड मोठं करा," एवढंच साहेबांनी वर कळवलं होतं.

मग चौकशीच्या कागदाचा नवा नमुना आला. एकच रकाना: पसंत की नापसंत, तेही बाईच्या तोंडून. झालं! सगळीकडे पसंत. चिठ्ठ्या मराठीत म्हणून भोपाळच्या नव्या कार्यालयाला नकोत, आणि कागद इथले म्हणून साहेबांना नेता येत नाहीत. साहेबांनी अर्जावर अर्ज केले. वर शब्द टाका म्हणून मी आपल्या अध्यक्षांचे पाय धरले. तेही बिचारे म्हणाले, "भैया, हुकूम ऊपर से आला, मी काय करू?"

ज्यांना नवी पसंत, त्यांची जुनी चूल काढावी, असाही हुकूम होता. परवा गोदाबाईंची फोडली. मी तिथेच उभा होतो, आणि मला रडू आवरेना. सवयीने कागद काढून विचारलं, "मावशी, काय लिहू?"

त्या गुडघ्यावर पऱ्हाटी मोडत होत्या. "लिख ना भाऊ," म्हणाल्या, "पन वाची कोन?"

सभेने ऐकून घेतलं, शाळेने जागा दिली, सर्वांचे आभार. निरोपाच्या दिवशी शोभत नाही ते बोललो असेन, तर लहान समजून पोटात घाला.

आणि साहेब, नागपूरला पोचलात की गोदाबाईंना काय उत्तर देऊ, तेवढं मला कळवा.