मधली भिंत

तिथून नका मोजू, सुतारदादा, तिथे पेट्या आहेत — मेणबत्त्यांच्या, दुसरं काय असणार माझ्या दुकानात? बसा, भिंत कुठे पळत नाही. सासऱ्यांनी फळ्यांची घातलेली आहे, दोघा भावांत भांडण नको म्हणून. एका दुकानाची दोन केली, वीजमीटर तेवढं एकच राहिलं. आता धाकटी जाऊ म्हणते, पाडू या. ‘जाऊबाई, गल्ल्यावर तुम्हीच बसा.’ किती गोड ती! माझ्याच दुकानात मला बसायला जागा देणार.

तुम्हीच सांगा — राज्य बदलणार म्हटल्यावर शहाणं माणूस काय करतं? साठा करतं. अख्खी पेठ म्हणत होती, बंदर बंद पडणार, वीज जाणार. मी छपराच्या दुरुस्तीचे पैसे मेणबत्त्यांत घातले. आणि ही बया त्याच आठवड्यात काय आणते? बल्ब. पोट धरून हसले मी. मग जुने खुर्चीवरून उठले, नवे बसले — आणि झालं काय? डोंबल. जहाजं येतच राहिली, जकात तीच, जुन्या नोटाही चालल्या. वीज एकदा लुकलुकली म्हणाल तर नाव नको. उलट नवी दुकानं निघाली, ज्याला त्याला दिवे हवेत, आणि दिवे कुणाकडे? धाकटीकडे. त्या घाबरलेल्या दिवसांतही भाव वाढवला नव्हता मेलीने — म्हणून आज गिऱ्हाईक माझ्या दारावरून तिच्याकडे जातं. मी वाढवला होता. सगळ्यांनीच वाढवला होता.

नाही, सगळ्यांचं बरं झालं, मला का वाईट वाटेल? पण ही भिंत छपरापर्यंत पोचत नाही ना — तिच्या दिव्यांची झगझग वरून माझ्या पेट्यांवर पडते, आणि मग वाटतं, एकदाच, नुसती एकच दंगल — मोठी नको, कुणाला लागायला नको, तारा तुटतील एवढीच — काय बघताय असं? तुमच्या मनात कधी काही येत नाही वाटतं?

थांबा. गेली? गेली की हो. पलीकडेही अंधार आहे का बघा — बघा म्हणते ना. ती वरची पेटी ओढा इकडे, सुतळी तोडा, आत्ता लोक धावत येतील, दोन-दोन मागतील —

आली.

काय ओरडतेय ती पलीकडून? ‘जाऊबाई, घाबरू नका, नवी तार जोडत होते.’

ऐकलंत? अंधारसुद्धा तिच्याच दुकानातून येतो.

पेटी जागेवर ठेवा. घ्या माप, आणि चालते व्हा.