भिंतीवरचा लाल हात

मला सहसा राग येत नाही, पण त्या दिवशी आला. आमच्या संतपुरात शाळेच्या भिंतीवर पोरं आणि घरची माणसं मिळून चित्रं काढत होती. शेवटी प्रत्येक घरानं लाल रंगात हात बुडवून ठसे उमटवायचे होते. मी उमटवला, नातीनं उमटवला. माझी विधवा सून शोभा रंगात हात घालणार, तोच शेजारच्या गंगाक्का म्हणाल्या, "तू नको गं. लग्नाच्या घरी असलेच हात उमटवतेत. तुझा चालत न्हाई."

शोभानं हात पदराखाली घेतला.

नात म्हणाली, "आई, तू कामून न्हाई आमच्यात?"

चित्रं शिकवायला आलेल्या बाई पाठ फिरवून ब्रश धुवायला लागल्या.

मी म्हणालो, "अक्का, माझी बायको तुमच्या डोळ्यासमोर गेली. मग माझा हात कसा चालला?"

"गडीमाणसाचं येगळं असतंय, अप्पा."

मी माझा ओला ठसा धोतरानंच पुसून टाकला. म्हणालो, "शोभा, इथं जागा मोकळी झाली. ठेव तुझा हात."

तिनं ठेवला.

धोतराचा डाग काही निघत नाही. गंगाक्कांच्या दारावरून जाताना मी मुद्दाम तेच धोतर नेसतो.